बार्शीची बॅरोनेस

आमच्या शेजारच्या प्रमिलाकाकू पाटणकर बर्फ उपसायला बाहेर पडायच्या तेव्हा डोक्यावर उंच काळी हॅट घालायच्या. लोकरीची टोपी नव्हे. जुन्या काळचे गोरे साहेब घोडागाडीतून उतरताना घालत असतील तसली, नळकांड्यासारखी सरळ उभी हॅट. तिच्या पट्ट्यात पितळेची दातेरी चाकं खोचलेली. डोळ्यांवर कातडी पट्ट्याचा, पितळी कड्यांचा, वेल्डिंगवाल्याचा वाटावा असा जाडजूड गॉगल. अंगात चारचौघींसारखा जाकीट-कोट, पण त्यावरून कातड्याचा एप्रन. हातात मात्र तुमच्या-आमच्यासारखंच प्लॅस्टिकचं लाल शॉव्हल.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात आम्ही कॅनडात, हॅमिल्टनमध्ये घर घेतलं, त्या पहिल्याच आठवड्यातली ही गोष्ट. माझी बायको अनघा खिडकीशी उभी होती. म्हणाली, "मंदार, शेजारी सर्कस उतरलीय का रे?"

मी बाहेर जाऊन आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शॉव्हल करायला लागलो, आणि चोरून तिकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं हॅट माझ्या दिशेनं वळली. गॉगल कपाळावर सरकला. खाली ठसठशीत टिकली.

"मराठी का रे?"

"हो! पण कसं ओळखलंत?"

"कंबर धरून 'आई गं' म्हणालास की मघाशी."

मी धीर करून गॉगलबद्दल विचारलं. "चष्म्यावर वाफ धरते," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर धरत नाही. कडेला भोकं पाडलीयत, बघ की." आणि त्यांनी तो काढून सरळ माझ्या डोळ्यांवर चढवला. खरं सांगायचं तर त्यातून स्वच्छ दिसत होतं. मग माझी धापा टाकत चाललेली घाई बघून त्या म्हणाल्या, "दमानं रे लेका. वाफ धरू दे."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरातही ते शिरलं. कुकर लागला, गाडी सुरू होईना, मला नोकरीत बढती मिळेना, कशालाही काकूंचा सल्ला तोच. दमानं. वाफ धरू दे.

ह्या सगळ्या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात, हेही मला त्यांनीच सांगितलं. कल्पना अशी, की जगात विजेचं राज्य आलंच नाही. पेट्रोलचंही नाही. वाफेच्या इंजिनानं जी वाट धरली तिच्यावरूनच जग पुढे गेलं. मग वाफेवर हिशेब करणारी यंत्रं आली, वाफेवर धावणारे लोखंडी घोडे आले, आकाशात पिंपांसारखी तरंगणारी विमानं आली. अशा जगाच्या कादंबऱ्या लिहिणारे लेखक आहेत, आणि त्या वाचून तसल्या वस्तू हातानं घडवणारे, तसले कपडे शिवून घालणारे शौकीनही जगभर आहेत. बहुतेक तरुण मुलं-मुली. त्यांच्यात आमच्या काकू, सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या.

"ह्या पोरांना वाफ म्हणजे गंमत वाटते," त्या म्हणायच्या. "मी ती खाल्लीय. बार्शीला आमच्या घरामागनं छोटी गाडी जायची, अरुंद रुळांची. शाळेत जाईपर्यंत फ्रॉक काळा. डोळ्यांत कोळशाचे कण. तेव्हा असला गॉगल असता तर!"

ह्या शौकिनांच्या मेळाव्यात प्रत्येक जण आपलं एक भारदस्त नाव ठेवतो. कुणी कर्नल असतो, कुणी प्रोफेसर. काकूंनी स्वतःला 'बॅरोनेस ऑफ बार्शी' केलं होतं. गोऱ्या लोकांना बार्शी हे युरोपातलं एखादं बुडालेलं संस्थान वाटायचं. ते नेमकं कुठे आलं असं कुणी विचारलंच, तर काकू गंभीरपणे सांगायच्या, "जस्ट आफ्टर कुर्डुवाडी." तेवढ्यानं त्या माणसाचं समाधान व्हायचं.

त्यांच्या बेसमेंटमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा डोळे फिरले. पितळेचे पत्रे, कातड्याच्या पट्ट्या, बकलं, जुन्या टाइपरायटरच्या कळा, पोटं फाडलेली घड्याळं. आमच्याकडचं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी एकदा "दुरुस्त करते" म्हणून नेलं होतं. ते परत आलं नाही. पुढे केव्हातरी त्यातली चाकं एका पितळी भुंग्याच्या पोटात दिसली. किल्ली दिली की भुंगा पंख उघडायचा आणि मिटायचा. तो त्यांनी अनघाच्या वाढदिवसाला दिला. घड्याळ बंद होतं, भुंगा चालू होता. तक्रार करणार कशी? मला त्यांनी पितळी डबीत बसवलेला पेनड्राइव्ह दिला. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला की शेजारची सगळी भोकं झाकली जायची आणि माऊस काढून ठेवावा लागायचा. तरी मी तो बरेच दिवस वापरला. ऑफिसातले लोक मुद्दाम तो बघायला यायचे, आणि नवीन माणसाला ओळखी व्हायला तेवढं पुरतं.

कादंबऱ्या त्या वाचायच्या तशा सांगायच्याही. मात्र सांगताना परस्पर दुरुस्त्या करायच्या. "ह्या लेखकांचं एक कळत नाही मला. सगळे लंडनहून निघतात आणि सगळे सारखे चहा पितात. अरे, चहा आला कुठनं? ज्यानं तो खुडला त्याला विमानात जागा का नाही?" म्हणून त्यांच्या तोंडच्या गोष्टीत विमान लंडनहून सुटलं तरी त्याचा कोळसा संपायचा तो नेमका सोलापूर जिल्ह्यावर. मग बार्शीकर मंडळी भुईमुगाच्या टरफलांवर बॉयलर पेटवून द्यायची आणि बदल्यात विमानातून एक फेरी मारून घ्यायची. त्यांनी सांगितलेली एक कादंबरी मी मोठ्या उत्सुकतेनं लायब्ररीतून आणली होती. बार्शी काही येईना, म्हणून अर्ध्यात सोडली.

काकूंनी आयुष्यभर जे काम केलं ते ह्या छंदाच्या अगदी उलट होतं. त्या कृत्रिम हात-पाय बनवायच्या. पुण्यात शिक्षण झालं, लग्नानंतर कॅनडात आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत एका हॉस्पिटलात हेच काम. अपघातात, कारखान्यात हात गमावलेल्या माणसांचं माप घ्यायचं आणि हुबेहूब हात घडवायचा. "नखंसुद्धा रंगवायचो आम्ही," त्या सांगायच्या. "सुरुवातीला सगळे हात गुलाबी यायचे. मग काळ्या-सावळ्या माणसांनी काय करायचं? मी रंग कालवायला बसायची. चहात दूध किती घातलं की कुणाचा रंग येतो, ते मला पाठ होतं. आमचा नियम एकच. कुणाच्या लक्षात आलं नाही पाहिजे."

निवृत्तीनंतर लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत त्यांना पहिली वाफेची कादंबरी मिळाली. वर विमानाचं चित्र होतं म्हणून घेतली. तिच्यात विमानाची कप्तान एक बाई होती आणि तिचा एक हात पितळेचा होता. ती मेजवानीला गेली की लोक तिला बाही वर करायला सांगायचे. हात बघायला रांग लागायची.

"मी ते पान परत परत वाचलं," काकू म्हणाल्या. "आणि मनात म्हटलं, बाई गं, आपण आयुष्यभर काय करत बसलो?"

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, की बाई मोठी मजेची. आम्हालाही तसंच वाटायचं. हॅट काही बर्फापुरती नव्हती. ग्रोसरीला, बँकेत, देवळात, सगळीकडे तीच हॅट आणि तोच गॉगल. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्या इरकल नेसून आल्या. कमरेला कातडी पट्टा, पट्ट्याला लोंबणाऱ्या पितळी कुप्या, आणि वर हॅट. मंडळाच्या सेक्रेटरीबाई हळूच जवळ येऊन म्हणाल्या, "काकू, फॅन्सी ड्रेस मुलांचा आहे हं. आणि तो उद्या आहे."

"माहितीय. मी आरतीला आलेय."

आरती सुरू झाली. निम्मं मंडळ गणपतीकडे बघत होतं आणि निम्मं काकूंकडे. प्रसादाच्या रांगेत बायका कुजबुजत होत्या. रिटायर झाल्यावर होतं असं कुणाकुणाचं. मुलगा लांब व्हँकुव्हरला, घरात हे असं आजारपण, मग डोक्यावर परिणाम व्हायचाच. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "पाटणकर नाही आले?" काकूंचं उत्तर तेवढ्यापुरतं असायचं. "घरी आहेत."

यशवंतकाका घरीच असायचे. हॅमिल्टनच्या पोलादाच्या कारखान्यात ते मोठे इंजिनियर होते, आणि मंडळात त्याहून मोठे. माईक त्यांचाच. कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन पाटणकर करणार, पडदा अडकला तर विनोद सांगून वेळ मारून नेणार, भेटेल त्याच्या पाठीवर थाप मारणार. हे सगळं मी इतरांकडून ऐकलं. आम्ही यायच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं परत आलं. पाय थोडा ओढत का होईना, चालायला लागले. डावा हात मात्र लुळा पडला तो पडलाच. हॉस्पिटलनं दिलेली फिकट प्लॅस्टिकची पट्टी त्या हाताला असायची, पट्टीवर कायम शाल, आणि काका टीव्हीसमोर. आम्ही गेलो की "या, बसा," म्हणायचे. फार सभ्यपणे बोलायचे. दोन वाक्यांनंतर टीव्हीचा आवाज थोडा वाढायचा आणि आम्ही बेसमेंटकडे वळायचो.

एका रविवारी आम्ही चहाला गेलो होतो. काकूंनी नवीन केलेलं कडं अनघाच्या मनगटात घातलं. कातड्याच्या पट्टीवर लहानमोठी चाकं डकवलेली. अनघा "किती गोड!" म्हणतेय तोवर टीव्हीसमोरून आवाज आला.

"ते चाक कशासाठी आहे?"

काका मान वळवून बघत होते.

"शोभेला," काकू म्हणाल्या.

"शोभेला?" काकांनी रिमोट खाली ठेवला. "चाक शोभेला? शेजारच्या चाकाला त्याचा दात तरी लागतोय का? एक इकडे, एक तिकडे. फिरवणार काय ते? प्लँटमध्ये कुणी असलं करून आणलं असतं ना, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता!"

"मग कसं हवं ते तुम्ही सांगा की. नुसतं बसल्या जागी बोलायला काय जातंय!"

अनघानं माझ्याकडे बघितलं. नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं म्हणून आम्ही उठायच्या बेतात होतो. काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "पेन्सिल दे."

काकूंनी पेन्सिल दिली, कागद दिला, कागद हलू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला, आणि चहाचा ट्रे उचलून आत गेल्या. कप विसळायला इतका वेळ लागत नाही. आतून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर त्या घरात भांडणांना ऊत आला. जिन्यावरून ओरडाआरडा ऐकू यायचा. "ढिलं आहे!" "घट्ट केलं तर रक्त थांबेल, हात माझा विषय आहे!" "आणि गियर माझा!" काका बेसमेंटचे जिने उतरायला लागले होते. आधी कठडा धरून, मग नुसते. दोघांचं मिळून काय चाललंय हे आम्हाला दाखवायचे नाहीत. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "दमानं. वाफ धरू दे."

वसंत ऋतूत, रस्त्याकडेचा मळका बर्फ वितळून गेल्यावर, त्यांनी आम्हाला तो हात दाखवला. कोपरापासून बोटांपर्यंत जाईल असा तांबूस कातड्याचा मोजा, त्यावर पितळेच्या पट्ट्या, मनगटावर एक किल्ली. उजव्या हातानं किल्ली फिरवली की एकात एक अडकलेली चाकं फिरायची, डावा अंगठा हळूहळू बोटांकडे यायचा आणि खटका पडून तिथेच पक्का बसायचा. लुळ्या हातात मग पेला राहायचा, पिशवी राहायची. एकही चाक शोभेचं नव्हतं.

"घाला की," अनघा म्हणाली.

काकांनी घरात घातला. बाहेर मात्र नाही. "नाटकातला हात आहे हा," ते म्हणाले. "लोक हसतील."

जवळच्याच ग्वेल्फ गावात एका जुन्या गिरणीच्या इमारतीत स्टीमपंकवाल्यांचा मेळावा होता. काकूंनी मला ड्रायव्हिंगला यायची गळ घातली. त्या दिवशी सकाळी त्यांनी तो हात आणि स्वतः शिवलेला काकांचा कोट हॉलमधल्या खुर्चीवर ठेवला. कोटाची डावी बाही कोपरापर्यंतच शिवलेली. झाकायला जागाच ठेवली नव्हती. "मी गाडीत बसते," एवढं नवऱ्याला सांगून त्या बाहेर आल्या.

आम्ही गाडीत बसून राहिलो. मी हॉर्न वाजवायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्या दमाची किंवा वाफेची गोष्ट बोलल्या नाहीत. नुसत्या दाराकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. काका बाहेर आले, कुलूप लावलं, आणि कुणाकडेही न बघता मागच्या सीटवर येऊन बसले. हात घातला होता. त्यावर दुसरा हात ठेवून तो झाकून घेतला होता.

गिरणीच्या त्या हॉलमध्ये सगळ्यांत विचित्र मीच दिसत होतो, कारण मी साधा शर्ट घातला होता. पिसांच्या हॅटा, पंखांचे कोट, पाठीवर तांब्याच्या टाक्या. काका भिंतीच्या कडेकडेनं चालत होते. तेवढ्यात हिरवी हॅट घातलेल्या एका मुलीनं त्यांना अडवलं. त्यांच्या हाताला काय झालंय हे तिला ठाऊकच नव्हतं. ती सरळ पितळेकडे बघत होती.

"ओ माय गॉड. डझ इट ॲक्चुअली मूव्ह?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू मुद्दाम एका टेबलावरची बकलं बघत होत्या. मग काकांनी किल्ली फिरवली. चाकं फिरली, अंगठा सरकला, खटका पडला. त्या मुलीनं आपल्या हातातला कागदी पेला त्या बोटांत ठेवला. पेला राहिला. तिनं टाळ्या वाजवल्या. मग आणखी चारजण आले, मग आणखी. आणि ज्यांना मी इतके महिने टीव्हीच्या आवाजाखाली बोलताना ऐकलं होतं, त्या माणसाचा आवाज हॉलभर गेला. "फ्रेंड्स! दिस इज नॉट डेकोरेशन! इच गियर हॅज अ जॉब! कम, कम, स्टँड हियर, यू कॅन सी बेटर."

मी काकूंजवळ गेलो. "काकू, आज बॅरोनेसकडे कुणी बघत नाहीये."

"नको बघू देत." त्या बकलं खालीवर करत राहिल्या. "झटक्यानंतर ह्यांना मी पहिल्यांदा ग्रोसरीला नेलं होतं. रांगेतली दोन माणसं ह्यांच्या हाताकडे बघत राहिली. वाईट मनानं नव्हे, बघतात तशी. हे सामान तिथंच टाकून गाडीत जाऊन बसले. त्यानंतर दाराबाहेर पाऊल नाही. मी म्हटलं, लोकांना बघायलाच काहीतरी हवं असेल तर माझ्याकडे बघू देत. हे कधी ना कधी बाहेर पडतील. तेव्हा शेजारी मी अशी असले, तर ह्यांच्या हाताकडे कोण बघतंय?"

"म्हणून मंडळातसुद्धा..."

"सवय व्हायला नको लोकांना?" त्या म्हणाल्या. आणि मग थोडं हसून, "आणि मला आवडतंय रे ते. खोटं कशाला सांगू."

परतताना काका पुढच्या सीटवर बसले आणि अर्धी वाट मला त्या हाताच्या पुढच्या आवृत्तीबद्दल सांगत होते. कॉफीचं दुकान दिसल्यावर म्हणाले, "थांबव रे. मीच आणतो." मी उतरायला लागलो तर काकूंनी मागून माझा खांदा दाबला. काचेतून आत दिसत होतं. काका रांगेत उभे होते, आपल्या पुढच्याशी बोलत होते, मागच्याशी बोलत होते, हात वर करून काहीतरी दाखवत होते. मग बाहेर आले. एका हातात डबल-डबल, म्हणजे इथली दुप्पट क्रीम आणि दुप्पट साखरेची कॉफी, पितळी हातात मफिनची पिशवी. खुशीत घोट घेत गाडीशी आले.

"आणि माझी कॉफी?" काकूंनी विचारलं.

"तुला हवी होती? मग बोलायचं ना!"

"न बोलता कळत नाही होय? मंदारला तरी विचारलंत का? स्वतःपुरती एक घेऊन आले! असा माणूस जन्मात बघितला नाही!"

"बरं बरं, आणतो," काका कुरकुरत म्हणाले, पिशवी माझ्या मांडीवर टाकली, पाय ओढत पुन्हा दुकानाकडे निघाले.

मी आरशातून मागे पाहिलं. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

"आजारी पडल्यापासून हे मला पाण्याच्या पेल्यालासुद्धा थँक्यू म्हणतात," त्या म्हणाल्या. "पाहुणे राहिल्यासारखे राहतात घरात. मला तेच सोसत नव्हतं बघ. आज चक्क विसरले मला."

नाक ओढलं, काच खाली केली, आणि बार्शीच्या आवाजात पार्किंगभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अहो! डबल-डबल सांगा!"